शब्दचर्चा: दुसऱ्याचं उघडं वायफाय न विचारता वापरणं, याला मराठीत काय म्हणावं?

लालबागकर
इमारतीच्या फलकावर लावायच्या सूचनेसाठी शब्द हवा आहे. एका घरातल्या राउटरला पासवर्ड नाही, त्याची रेंज दोन मजले येते, आणि बाकीचे न विचारता त्यावर नेट वापरतात. इंग्रजीत याला ‘पिगीबॅकिंग’ म्हणतात. ‘वायफायचोरी’ लिहावं तर लोक म्हणणार, कुलूपच नव्हतं, मग चोरी कसली? ‘मोफत वायफायचा वापर’ लिहिलं तर त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. ‘असुरक्षित बिनतारी आंतरजालाचा अनधिकृत उपयोग’ जिन्यात उभं राहून कोणी वाचणार नाही.

कोशप्रेमी
पिगीबॅकिंगचं शब्दशः मराठी ‘पाठुंगळी’, ते आधी बाजूला ठेवू. मूल पाठुंगळीला बसतं तेव्हा घेणाऱ्याला ते ठाऊक असतं, बहुतेक वेळा तोच वाकून ‘ये’ म्हणतो. इथे नेमकं तेच घडलेलं नाही.

आपल्याकडे शब्दांच्या दोन जोड्या आहेत आणि त्या या कामाला फार उपयोगी पडतात. एक उघडं–खुलं, दुसरी फुकट–मोफत. दार उघडं राहतं, पण खुलं ठेवलं जातं. ‘दार उघडं राहिलं म्हणून मांजर शिरलं’ या वाक्यात ‘खुलं’ घालून पाहा, लगेच खटकेल. उलट वाचनालय ‘सर्वांसाठी खुलं’ असतं; ‘वाचनालय उघडं आहे’ म्हटलं की फक्त वेळ कळते. दुसऱ्या जोडीचंही तसंच आहे. मोफत हा देणाऱ्याचा शब्द, फुकट हा घेणाऱ्याचा. शिबिरात चष्मे मोफत वाटतात, फुकट वाटत नाहीत. आणि ‘फुकटात मिळालं’ या वाक्याला देणारा कोण, याची गरजच पडत नाही.

म्हणून स्टेशनवरचं वायफाय खुलं आणि मोफत, शेजाऱ्याचं उघडं आणि फुकट. सूचनेत ‘खुलं वायफाय’ असं चुकूनही लिहू नका. तो शब्द मालकाच्या वतीने परवानगीच देऊन टाकतो.

राउटरवाला
भेद पटला, पण वापरताना एक जपावं लागेल. फोनच्या यादीत नावापुढे कुलूप नसलं की एवढंच कळतं की जोडायला पासवर्ड लागत नाही. मालकाने मुद्दाम तसं ठेवलंय, की जुना राउटर रीसेट होऊन त्याचा पासवर्ड उडालाय, हे त्या चिन्हावरून कळत नाही. मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये स्टेशनचं वायफाय सुरू झालं. त्यालाही पासवर्ड नव्हता, पण जोडल्यावर एक पान उघडायचं, त्यात मोबाईल नंबर टाकून ओटीपी द्यावा लागायचा. म्हणजे यजमान दाराशी उभा होता. शेजाऱ्याच्या राउटरवर असं पान नसतं.

‘असुरक्षित’ हा शब्दही सरसकट वापरू नका. विनापासवर्ड आणि असुरक्षित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेप या वायफाय सुरक्षेच्या जुन्या पद्धतीत पासवर्ड असतो, पण ती २००१ मध्येच फुटली, म्हणून कुलूप दिसूनही असुरक्षित. उलट ‘एनहान्स्ड ओपन’ या नव्या पद्धतीत पासवर्ड लागत नाही, तरी फोन ते राउटर हा हवेतला मजकूर कूटबद्ध (गुप्त लिपीत) होतो. तुमच्या इमारतीतला प्रकार साधा आहे: ना पासवर्ड, ना कूटीकरण. त्याला ‘विनापासवर्ड’ म्हणा, पुरे.

स्लोलोकल
‘ढापणे’ का नको? पेन ढापतात, छत्री ढापतात, तसं नेट ढापतात. मात्र एक शंका आहे. पेन ढापलं की मालकाकडे पेन उरत नाही. नेट तर त्याच्याकडे राहतंच, आणि प्लॅन अनलिमिटेड असतो. शेजारच्या दिव्याच्या उजेडात वाचणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही.

राउटरवाला
दिव्याची उपमा इथे लागू पडत नाही. उजेड वाचल्याने कमी होत नाही, वायफायची वेळ मात्र कमी होते. एका चॅनलवर, म्हणजे एकाच रेडिओपट्टीवर, एका क्षणी सहसा एकच उपकरण बोलू शकतं, बाकीचे थांबतात. १,५०० बाइटचं एक पाकीट म्हणजे १२,००० बिट. राउटरजवळचा लॅपटॉप ५४ एमबीपीएसच्या जुन्या वेगानेही ते साधारण ०.२२ मिलिसेकंदात पाठवतो. दोन भिंतींपलीकडचा फोन रेंज कमी म्हणून २.४ गिगाहर्ट्‌झवर १ एमबीपीएसपर्यंत खाली आला, तर त्याच पाकिटाला १२ मिलिसेकंद लागतात. पन्नासपटीहून जास्त! म्हणजे दूरच्या माणसाने चार मेसेज पाहिले तरी घरातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल अडखळू शकतो. शिवाय अनलिमिटेड प्लॅनलाही बऱ्याचदा मर्यादा असते, ती ओलांडली की महिनाअखेरीपर्यंत वेग उतरतो. तो भोगतो बिल भरणारा.

मुंबईत हे जास्त जाणवतं, कारण घरं भिंतीला भिंत लावून. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यावर अख्खी चाळ.

कोशप्रेमी
मग ‘ढापणे’पेक्षा नळाची उपमा जवळची. सामाईक लाइनवर एकाने मोटर लावली की वरच्या मजल्याची धार बारीक होते, पाणी कोणी चोरून नेलेलं दिसत नसलं तरी. ‘नेट ओढणे’ हा प्रयोग बोलण्यात आहेच. ‘खालचा फोन सगळं नेट ओढतोय’ हे कोणालाही समजतं.

लालबागकर
आणि ‘आकडा टाकणे’? वीजचोरांना वर्तमानपत्रं आकडेबहाद्दर म्हणतात. ‘वायफायवर आकडा’ फलकावर उठून दिसेल.

राउटरवाला
दिसेल, पण उघड्या वायफायला लावू नका. आकड्यात काहीतरी करावं लागतं: तार सोलायची, लाइनवर टाकायची, जीव धोक्यात घालायचा. उघड्या वायफायला काहीच करावं लागत नाही, कित्येक फोन एकदा जोडले की दुसऱ्या दिवशी आपणहून जोडले जातात. आकडा हा शब्द पासवर्ड तोडणाऱ्यासाठी राखून ठेवा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिन वापरून जोडायची राउटरमधली सोय; तिची आठ आकडी पिन हे त्याचं चांगलं उदाहरण. दिसायला दहा कोटी शक्यता, पण शेवटचा आकडा बाकीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो. मग १०,००० अधिक १,०००, एवढ्याच ११,००० खेपा उरतात. ही उणीव २०११ मध्ये उघड झाली. असं करणारा घुसखोर, किंवा तुमच्या शब्दात आकडेबहाद्दर.

वकील_फोर्ट
कायद्याची भाषाही या चर्चेत हवी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये कसोटी कुलपाची नाही, परवानगीची आहे. मालकाच्या किंवा ताबा असणाऱ्याच्या परवानगीवाचून संगणक, संगणक प्रणाली किंवा संगणक जाळ्यात प्रवेश केला तर भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या विनापरवानगी प्रवेशाला ही कलमं ‘चोरी’ म्हणत नाहीत. चोरी जंगम वस्तूची होते, आणि विजेसाठीसुद्धा विद्युत अधिनियम, २००३ मध्ये कलम १३५ स्वतंत्र आहे. म्हणून फलकावर ‘वायफायचोरी’ नको, ‘विनापरवानगी वापर’ लिहा.

दुसरी बाजू मालकाची. घरातली सगळी उपकरणं बाहेर इंटरनेटवर एकाच आयपी पत्त्याने जातात, आणि कंपनीच्या नोंदीत त्या पत्त्यापुढे ग्राहकाचं नाव असतं. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेला धमकीचा ईमेल सानपाड्यातल्या एका परदेशी रहिवाशाच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि चौकशी आधी त्याच्याच दारात पोचली. त्याच वर्षी माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरूनही असे ईमेल गेले. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधायची मोहीम काढली. ‘उघडं’ या शब्दात निष्काळजीपणाची जी छटा आहे, ती या शहराने सोसली आहे. ती पुसू नका.

स्लोलोकल
माझी शंका मागे घेतो. आता एक शब्द सुचतो, तो मुंबईत सांगावा लागत नाही: ‘विदाऊट’. लोकलच्या प्लॅटफॉर्मवर चढताना कोणी अडवत नाही, डब्याचं दार उघडंच असतं, गाडी तुमच्यावाचूनही जाणारच असते, तरी तिकीट नसलं की माणूस विदाऊट. अडवणारं कोणी नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे, हे त्या एका शब्दात आलं.

कोशप्रेमी
उत्तम! कुलूप नाही, तरी दोष आहे. आणि आकड्याइतका जड आरोपही नाही. मी ‘बांडगूळ’ सुचवणार होतो, पण ते माणसाला चिकटतं, कृतीला नाही. शेजाऱ्याला रोज जिन्यात भेटायचं असतं, तेव्हा कृतीचं नाव बरं.

एक प्रकार मात्र यातून वेगळा काढा. दोन घरांनी ठरवून एक जोडणी घेतली आणि बिल वाटून घेतलं तर ते ‘सामाईक नेट’, सामाईक भिंतीसारखं. कंपनीच्या अटींत ते बसतं का, हे त्यांनी पाहावं, पण शेजाऱ्यांत ते विदाऊट नाही.

राउटरवाला
सूचनेत उपाय लिहा, नाहीतर नुसता शब्द लटकत राहील. राउटरला जोडलेल्या फोनवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, लॉगिन करा. जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. नावावरून किंवा मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या ओळखक्रमांकावरून) ओळखायला जाऊ नका, कारण हल्लीचे फोन दर वायफायला वेगळा बनावट मॅक पत्ता देतात. घरातली सगळी उपकरणं बंद करा, फक्त ज्यावर यादी पाहताय ते चालू ठेवा. त्यानंतरही त्याखेरीज यादीत जे टिकून राहतं ते बाहेरचं. काही राउटर जुनी नावं थोडा वेळ दाखवतात, म्हणून दहा मिनिटं थांबून परत पाहा. मग सुरक्षेच्या पद्धतींतून डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडून पासवर्ड घाला. किमान ८ अक्षरं लागतातच, १४–१५ ठेवा. डब्ल्यूपीएस बंद करा. राउटरच्या पानाचा स्वतःचा पासवर्डही बदला, तो वेगळा असतो आणि नेमका तोच राहून जातो. नाव लपवणं हा उपाय नाही. लपवलेलं नाव तुमचाच फोन रस्त्याने पुकारत फिरतो.

लालबागकर
मजकूर असा करतो: ‘काही घरांची वायफाय उघडी आहेत. शेजाऱ्याचं नेट न विचारता वापरणं म्हणजे विदाऊट प्रवास. हवं असल्यास विचारून घ्यावं. राउटर असणाऱ्यांनी पासवर्ड घालावा.’ खाली उपाय देतो.

कोशप्रेमी
‘विदाऊट प्रवास’मधला ‘प्रवास’ काढा. ‘विदाऊट नेट’ही लिहू नका, त्याचा अर्थ नेट नसलेला असा होईल. ‘विदाऊट जाण्यासारखं आहे’ एवढं लिहा.