मदत हवी: दुंबा संकरातल्या कोकरांची शेपटी कापावी का?

नमस्कार मंडळी. मी जत तालुक्यातला, घरची मेंढरं माडग्याळी, म्हणजे आमच्या भागातलीच जात. गेल्या साली पाहुण्यांकडचा अर्ध्या दुंबा रक्ताचा मेंढा (दुंबा म्हणजे चरबीच्या जाड शेपटीची मेंढी) आणून खांडात, म्हणजे कळपात सोडला. कोकरं अंगानं दणकट झालीत, पण शेपटी वेगळीच. माडग्याळीची शेपटी आखूड, बारीक, हात लावला की हाडच लागतं. यांची बुडाशी तळहाताएवढी रुंद, चरबीनं थुलथुलीत. परवा दोघींना हगवण लागली तर सगळं शेपटीखाली चिकटून वाळलं, कातडी लाल झाली. कोमट पाण्यानं भिजवत भिजवत सोडवलं.

एक व्यापारी म्हणतो शेपटीला घट्ट रबरी रिंग घाला, रक्त थांबून ती गळून पडते, परदेशात घालतातच. माझं मन घेत नाही. मेरिनो या लोकरीच्या परदेशी मेंढीची शेपटी लांब, लोकरीनं भरलेली. तिथं घाण साचते, माशी अंडी घालते, म्हणून ऑस्ट्रेलियात कापतात. आपल्या मेंढीला कुठं तेवढी लोकर! नरांचा तर प्रश्नच नाही. बकरी ईदला गिऱ्हाईक शेपटी बघून भाव करतं, आणि कुर्बानीला जनावर अव्यंग लागतं. अडचण माद्यांची आहे. उद्या माजावर आल्या आणि माडग्याळी मेंढ्याला ती जड शेपटी आडवी आली तर? कोणी अशा माद्या पाळल्यात का? कोकरं दीड महिन्याची आहेत. पाऊस तोंडावर आलाय, लवकर सांगा.

प्रतिसाद, फलटणहून

दादा, कापू नका. दीड महिन्याच्या शेपटीला आता रिंग लावली तर नुसते हाल. जखम चिघळते, पावसात किडे पडतात, धनुर्वाताची भीती वेगळी. कापायचीच असती तर पहिल्या आठवड्यात बरी होती, आणि तीही निरण (मादीची योनी) झाकेल एवढी ठेवून. फार आखूड केली तर गुदद्वार बाहेर येतं.

आमच्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तयार केलेल्या नारी सुवर्णा मेंढीत अवासी या पश्चिम आशियातल्या जातीचंही रक्त आहे, आणि अवासी चरबीच्या शेपटीचीच. बारीक शेपटीच्या मेंढ्याकडं फळवत (गाभण करवत) गेलं की पुढच्या पिढ्यांत शेपटी उतरत जाते. म्हणून या माद्यांना माडग्याळीच मेंढा दाखवा, बापाकडं जाऊ देऊ नका. माजावर आलेली वेगळी काढा. एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं शेपटी उचलून बाजूला घ्यायची.

पावसाआधी शेपटीखालची, मांड्यांमधली लोकर कातरा. लेंडी तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानं जंताचं औषध पाजा. तुमचं खरं दुखणं ती हगवण आहे.

धागाकर्ता

लोकर उद्याच कातरतो. लाल झालेल्या कातडीला हळद-तेल चालेल का, की मलमच आणू?