जुना प्रोसेसर, नवं ग्राफिक्स कार्ड: आधी कार्डच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे

शहापूरकर:
खानापूरचा माझा मावसभाऊ सेकंड पीयूची (बारावीची) परीक्षा देऊन मोकळा झालाय. घरात जुनं मशीन आहे: आय५-४५९० (इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर), ८ जीबी डीडीआर३ रॅम, १०८०पी आणि ७५ हर्ट्झचा मॉनिटर. त्यावर गेम खेळता यावेत म्हणून मावशीने पंचवीस हजार मंजूर केलेत. पण ज्याला विचारावं तो एकच सांगतो: प्रोसेसर २०१४ चा, त्याला नवं कार्ड लावलंस तर बॉटलनेक होणार, म्हणजे कार्ड प्रोसेसरपायी अडून राहणार, पैसे पाण्यात जाणार, आधी सगळं मशीन बदल. पोरगं पार हिरमुसलंय. मला हा सल्ला चुकीचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

बॉटलनेक प्रत्येक मशीनमध्ये असतोच. कुणीतरी एक मागे राहणारच. खरा प्रश्न असा की तो सेकंदाला किती फ्रेम्सवर (चित्रांवर) येतो. प्रत्येक फ्रेमची तयारी प्रोसेसर करतो: कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, कार्डाने काय काय काढायचं. ते चित्र प्रत्यक्ष काढतं कार्ड. रिझोल्यूशन आणि टेक्श्चर (पृष्ठभागांवरचे बारकावे) वाढवले की भार मुख्यतः कार्डावर पडतो, प्रोसेसरचं काम जवळपास तेवढंच राहतं. मॉनिटरच ७५ हर्ट्झचा असेल, म्हणजे सेकंदाला ७५ च चित्रं दाखवत असेल, तर प्रोसेसर दोनशे फ्रेम्स देऊ शकत नाही म्हणून रडण्यात काय अर्थ आहे?

दुसरं, आज घेतलेलं कार्ड उद्याच्या मशीनमध्ये जसंच्या तसं जातं. इथे नव्या पिढीचा प्रोसेसर घ्यायचा म्हटलं की मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव किती चढलेत ते सगळ्यांना माहीत आहे. पंचवीस हजार त्यातच संपले तर पोरगं खेळणार कशावर, प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर?

माझी निवड: एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६६००. ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, एकच आठ पिनी केबल.

टिळकवाडी_१४४:
शहापूरकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण तुम्ही सरासरीचा हिशेब मांडताय. चार कोर आणि चारच थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) असलेल्या प्रोसेसरची खरी अडचण सरासरीत दिसतच नाही.

६० फ्रेम्स म्हणजे दर फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. सलग पन्नास फ्रेम्स वेळेवर आल्या आणि मधलीच एक ८० मिलिसेकंदांनी आली, तरी स्क्रीनच्या कोपऱ्यातला फ्रेम्सचा आकडा पन्नासच्या वरच राहतो. डोळ्याला मात्र झटका बसतो. गाडी जोरात वळवली, नवा रस्ता लोड व्हायला लागला की चित्र क्षणभर गोठतं. चारही थ्रेड गेमने व्यापलेले असतात, त्यात डिस्कॉर्ड, ब्राउझर, अँटिव्हायरस आपला वाटा मागतात. अशा वेळी कार्ड कितीही भारी असू दे, ते रिकामं बसून वाट बघतं. आणि फ्रेम्स कमी पडतात म्हणून पोरगं अपस्केलिंग (लहान चित्र काढून मोठं करणं) लावेल, त्याने ओझं कार्डाचं हलकं होतं, प्रोसेसरचं नाही.

सायबरपंक २०७७ ह्या गेमच्या किमान हार्डवेअरच्या यादीत २०२३ पासून आय७-६७०० आहे. म्हणजे आठ थ्रेड. कंपनीच सांगतेय की चार थ्रेडवर भागत नाही.

उद्यमबाग_सीएनसी:
आधी पोरगं खेळणार काय ते सांगा की. त्याशिवाय दोघांचंही बोलणं हवेतच.

शहापूरकर:
मित्रांबरोबर व्हॅलोरंट. एकटा असला की जीटीए ५ आणि फोर्झा होरायझन ५. आणि फोर्झाच्या किमान यादीत आय५-४४६० आहे बघा, म्हणजे ह्याच पिढीतला ह्याच्याहून हळू प्रोसेसर. यादीच दाखवायची तर दोन्हीकडच्या दाखवू.

टिळकवाडी_१४४:
मग व्हॅलोरंटसाठी वीस-बावीस हजारांचं कार्ड कशाला? तो गेम प्रोसेसरवर चालतो. साधं जुनं कार्ड घेतलं तरी त्याच फ्रेम्स मिळतील. काउंटर-स्ट्राइक २ चंही तेच. तुम्ही ज्या गेमसाठी खर्च करताय, तिथे तुमच्याच निवडीचा उपयोग सगळ्यात कमी.

शहापूरकर:
व्हॅलोरंटसाठी कार्ड घेतोय असं मी कुठे म्हटलं? तो आजही कमी सेटिंगवर रडतखडत चालतोय. फोर्झा मात्र उघडतच नाही. त्यासाठी कार्ड.

निपाणी_रिपेअर:
भावांनो, मी जुनी मशीनं रोज उघडतो, म्हणून चार गोष्टी सांगतो. शहापूरकरांनी बोर्डाचं नाव लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते इथे बोर्डच ठरवणार.

ह्या प्रोसेसरच्या सॉकेटचे (बोर्डावरच्या खाचेचे) एच८१ आणि बी८५ असे दोन बोर्ड आपल्याकडे फार दिसतात. दिसायला सारखेच. पण एच८१ वर कार्डाचा मोठा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा असतो, बी८५ वर ३.०. आरएक्स ६६०० ला सोळा नाही, आठच लेन (माहिती जायच्या वाटा) आहेत. ३.० वर आठ लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी माहिती जाते, २.० वर निम्मी, ४ जीबी. कार्डाची ८ जीबी मेमरी भरेपर्यंत फरक कमी जाणवतो. ती भरली की डेटा साध्या रॅममधून ओढावा लागतो, आणि तिथे अरुंद स्लॉट नडतो. आरएक्स ६५०० एक्सटी तर अशा मशीनमध्ये चुकूनही घालू नका. चारच लेन आणि मेमरीही ४ जीबी.

तपासायचं कसं? कुठलंही जुनं कार्ड तात्पुरतं लावा, जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम उघडा, 'बस इंटरफेस'च्या ओळीत बघा. मशीन शांत असताना तिथे १.१ दिसेल, घाबरू नका, वीज वाचवायला कार्ड स्वतःच वेग उतरवतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू करा, मग खरा आकडा येतो. फक्त ते कार्ड स्वतः ३.० चं असू द्या, नाहीतर आकडा कार्डाचा दिसेल.

मशीन ऑफिसातून निघालेलं ब्रँडेड असेल तर पॉवर सप्लाय बघा. बऱ्याच वेळा त्यात आठ पिनी केबलच नसते, आणि बोर्डाचा कनेक्टरही नेहमीच्या २४ पिनांचा नसतो, म्हणजे बाजारातला सप्लाय सरळ बसत नाही. सहा पिनी केबलला जोड लावून कार्ड चालवू नका.

रॅम ८ जीबीची एकच पट्टी असणार. तशीच दुसरी टाका. ड्युअल चॅनेल झालं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम कामाला लागल्या, की टिळकवाडीकर म्हणतात ते झटके बरेच कमी होतात.

टिळकवाडी_१४४:
काका, तुमचं सगळं मान्य. पण बघा, कार्ड, सप्लाय, रॅमची पट्टी, आणि आता कुणीतरी आय७-४७९० सुचवेल. मेलेल्या सॉकेटवर किती घालायचं?

निपाणी_रिपेअर:
सुचवणारच होतो. आय७-४७९० त्याच सॉकेटमध्ये बसतो, थ्रेड चाराचे आठ होतात. बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) नवं करून घ्यायचं, थर्मल पेस्ट नवी लावायची, बस. जुना प्रोसेसर परत विकला जातो. मेलेल्या सॉकेटवर नवा बोर्ड घेऊ नये हे बरोबर. पण आहे त्या बोर्डावर सेकंडहँड प्रोसेसर चढवणं वाया जात नाही.

वडगाव_ताई:
दुसऱ्या बाजूने बोलते. माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर होता. बोर्ड तोच ठेवला, बायोस अपडेट केलं आणि ५६०० चढवला. रॅम तीच, कार्ड तेच, आणि गेममधले अडकण्याचे प्रकार गेले. एएम४ वाल्यांनी (माझ्या ह्या सॉकेटवाल्यांनी) आधी प्रोसेसर बदलावा, कारण तिथे रस्ता उघडा आहे. चौथ्या पिढीच्या इंटेलला तो रस्ता आय७ वर संपतो. 'आधी कार्डच' हा नियम सगळ्यांना लावू नका, दादा.

आणि इंटेलचं बी५८० कार्ड १२ जीबी मेमरी बघून कुणी घ्यायला जाऊ नका. २०२५ च्या जानेवारीत चाचण्यांमधून दिसलं की २६०० सारख्या प्रोसेसरवर ते खूप मागे पडतं. ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, ओझं प्रोसेसरवर येतं. शिवाय त्याला रिसायझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम खुली करणारी सोय) लागतो, आणि तो चौथ्या पिढीच्या बोर्डांवर मुळात नसतोच. एनव्हिडियाचंही डायरेक्टएक्स १२ मध्ये ड्रायव्हरचं ओझं रेडिऑनपेक्षा जास्त, हे हार्डवेअर अनबॉक्स्ड ह्या यूट्यूब चॅनेलने २०२१ मध्ये दाखवलं होतं. म्हणून शहापूरकरांनी रेडिऑन निवडलं ते मला पटतं.

उद्यमबाग_सीएनसी:
विजेचं कुणीच बोललं नाही. सगळं मशीन मिळून २५० वॅट धरा. रोज चार तास खेळला तर रोज एक युनिट, महिन्याला तीस. कर्नाटकच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत आपली हद्द जुन्या सरासरीवर थोडीच वाढ धरून ठरलेली आहे, कमाल २०० युनिट. खानापूरकडच्या घरात तीस युनिट म्हणजे लहान आकडा नाही. शून्य बिल येणाऱ्या घरात अचानक बिल आलं की मावशी कार्डच बंद करायला लावेल. ६०० व्हीएचा यूपीएसही साधारण ३६० वॅटच देतो, पावसाळ्यात वीज गेली की हे कळतं. म्हणून १३२ वॅटच्या वर जाऊ नका एवढंच माझं म्हणणं.

जांबोटीचा:
माझ्याकडे आय५-३४७० आहे. मीपण ६६०० घेऊ का?

शहापूरकर:
नको भावा. तुझा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा, त्यात एव्हीएक्स२ हा सूचनासंच नाही. काही नवे गेम त्याच्याशिवाय सुरूच होत नाहीत. माझं म्हणणं चौथ्या पिढीपासून पुढे. तुझ्यासाठी टिळकवाडीकरांचाच सल्ला बरोबर, पैसे साठव.

टिळकवाडी_१४४:
मग विंडोजचंही बोला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. मागच्या दाराने विंडोज ११ टाकलं, तर व्हॅलोरंटचं फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर, व्हॅनगार्ड, टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतं. म्हणजे ज्या गेमसाठी सगळे मित्र जमतात तोच बंद. मला आकड्यांपेक्षा ह्या गोष्टीची जास्त काळजी आहे. पोरगं पुढे इंजिनिअरिंगला गेलं तर त्याच मशीनवर कॅडही चालवणार, आणि सुरक्षा अपडेट नसलेल्या मशीनवर कॉलेजचं काम करणार.

शहापूरकर:
हा मुद्दा वजनदार आहे, ह्याला मी टाळत नाही. विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. तोवर व्हॅलोरंट विंडोज १० वरच खेळू दे. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की घरचे तसंही नवं मशीन घेऊन देणार, तेव्हा कार्ड उचलून त्यात लावायचं. आज बोर्ड-रॅम घेतली तर वर्षभर कार्डाविना बसायचं, आणि खेळायचं वय हेच आहे हो.

झटक्यांवर माझा उपाय: रिव्हाट्यूनर ह्या प्रोग्रॅममध्ये फ्रेम्स ६० वर बांधायच्या, गर्दीची घनता आणि दृश्याचं अंतर कमी करायचं, टेक्श्चर मात्र वरच ठेवायचे. प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा मिळाली की फ्रेम्स एकसारख्या येतात.

टिळकवाडी_१४४:
मला अजूनही पटलेलं नाही. पण बसवणार असाल तर सरासरीचा आकडा इथे टाकू नका. आफ्टरबर्नर ह्या प्रोग्रॅममध्ये फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख आणि प्रत्येक थ्रेडचा वापर वेगवेगळा दाखवा. एकूण वापर ७० टक्के दिसला तरी एखादा थ्रेड शंभरावर असू शकतो. फोर्झामध्ये शहरातून सुसाट गाडी चालवतानाचा आलेख टाका, रिकाम्या माळावरचा नको.

शहापूरकर:
टाकतो. रविवारी खानापूरला जातोय. आधी काकांनी सांगितलेली जीपीयू-झेडची ओळ बघणार. एच८१ निघाला तर कार्ड घेण्याआधी इथेच परत विचारीन.

निपाणी_रिपेअर:
जाताना टेप घेऊन जा. ऑफिसच्या छोट्या केसमध्ये हार्डडिस्कचा पिंजरा आडवा येतो, तीन पंख्यांचं कार्ड बसत नाही. दोन पंख्यांचं बघा. आणि सप्लायच्या लेबलवर १२ व्होल्टच्या पुढे किती अँपिअर लिहिलेत त्याचा फोटो टाका, मग सांगतो चालेल की नाही ते.