सोसायटी ग्रुप: डबा नव्हे, रांजण

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. लिफ्टचे २ वर्षांपूर्वीचे हिशेब पुन्हा काढणे म्हणजे पँडोराज बॉक्स उघडणे. कृपया विषय इथेच थांबवावा 🙏

बी ३०४: नमस्कार सर. हिशेब मीच मागितले होते, तेव्हा हे मलाच उद्देशून आहे. ३१ वर्षं इंग्रजी शिकवलंय, राहवत नाही. ग्रीक पुराणकथेतल्या पँडोराकडे डबा नव्हताच, मोठा रांजण होता; तो उघडताच सगळी संकटं जगात पसरली. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडचा शब्द 'पिथोस'. १६व्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाने लॅटिनमध्ये ती गोष्ट सांगताना रांजणाची 'पिक्सिस', म्हणजे डबी केली. तीच पुढे रूढ झाली.

ए १०२: टाकी कधी धुणार? २ महिने झाले.

सी ५०१: रांजण! आमच्या आजीकडे होता, पाण्याचा 😀

सेक्रेटरी: बाई, आपल्याबद्दल आदरच आहे. सहज लिहिलं. मनाला लावून घेऊ नये.

बी ३०४: सहज लिहिलंत म्हणूनच बोलते. प्रोमीथिअसने आग चोरून माणसांना दिली, त्याचा सूड म्हणून देवांचा राजा झ्यूसने पँडोराला घडवून घेतलं आणि पाठवलं. बोल मात्र झाकण उघडणारीला! आणि झाकण परत बसलं तेव्हा आत आशा राहिली होती, ते कुणी सांगतच नाही. हिशेब विचारणाऱ्याला ही गोष्ट चिकटवू नका.

डी २०३: बाई, कॉम्प्युटरमधला ट्रोजन व्हायरस त्या ग्रीक गोष्टींतलाच ना?

बी ३०४: हो बाळा. पण पोटात सैनिक लपवलेला लाकडी घोडा ग्रीकांनी बांधला, फसले ट्रॉयवाले, आणि नाव लागलं फसलेल्यांचं. होमरच्या इलियड महाकाव्यात तो प्रसंग नाहीच. त्याच्याच ओडिसीत उल्लेख येतो, सविस्तर वाचायचा तर रोमन कवी व्हर्जिलचं ईनिड.

सी ५०१: दुबळी जागा म्हणजे त्यांच्या वीर अकिलीसची टाच, आपल्या दुर्योधनाची मांडी.

डी २०३: काका, श्रीकृष्णालाही बाण तळपायालाच लागला होता.

ए १०२: टाकी कधी धुणार?

खजिनदार: इथे सोसायटीचं बोला. गोष्टींसाठी वेगळा ग्रुप काढा.

सी ५०१: तुम्ही रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवता, ते चालतं? टाकीसाठी आता हर्क्युलिसच बोलवा.

बी ३०४: काका, नेमकं बोललात. ऑजियस राजाचे गोठे कित्येक वर्षं साफ झाले नव्हते. हर्क्युलिसने अल्फीअस आणि पेनीअस या दोन नद्या वळवून ते एका दिवसात धुतले. इंग्रजीतले 'ऑजियन स्टेबल्स' ते हेच. काम झाल्यावर राजाने ठरलेला मोबदला मात्र नाकारला.

खजिनदार: आता विषय निघालाच आहे तर सांगतो. टाकी धुणाऱ्याचं मागचं बिल आपण दिलेलं नाही. म्हणून तो येत नाही.

ए १०२: हे २ महिने का नाही सांगितलं???

सेक्रेटरी: माझ्यापर्यंत आलं नव्हतं.

खजिनदार: सर, सही तुमचीच राहिली आहे.

बी ३०४: म्हणजे हिशेब काढावेच लागतील.

सेक्रेटरी: रविवारी सकाळी ११ वाजता, ऑफिसात. लिफ्टची फाईलही आणतो.

ए १०२: आणि टाकी?