मेम्फिस बेलची लिव्हरी: नेमका कुठला फोटो खरा धरायचा?

ढगात_पाय

नमस्कार मंडळी. फ्लाइट सिम्युलेटरमधल्या बी-१७एफ या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी बॉम्बरसाठी 'मेम्फिस बेल' या विमानाची लिव्हरी (विमानाचं बाहेरचं रंगरूप) करायला घेतली आहे. पेंटकिट (रंगवायच्या कोऱ्या फाइली) आहे, फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, डाव्या-उजव्या बाजूला ४०९६ पिक्सेलचं एकेक स्वतंत्र टेक्स्चर (वर चढवायचं चित्र) आहे. विमान क्रमांक ४१-२४४८५, ९१ व्या बॉम्बर ग्रुपचं ३२४ वं स्क्वाड्रन, कोड डीएफ-ए, तळ इंग्लंडमधला बॅसिंगबोर्न. इथपर्यंत सगळं पक्कं.

घोडं अडलंय ते फोटोंपाशी. एकात नाकावर रंगवलेल्या बॉम्बची रांग (एक बॉम्ब म्हणजे एक मोहीम) छोटी, दुसऱ्यात लांबलचक. एका फोटोत नाकावर रंगवलेल्या मुलीचा पोशाख निळा, दुसऱ्यात लाल. काहींत पत्र्यावर चक्क माणसांची नावं खरडलेली. हिरवा रंग तर दर फोटोत वेगळा. यातला खरा कुठला? आणि धुराचे डाग लँकॅस्टर या ब्रिटिश बॉम्बरच्या एका लिव्हरीत फार सुंदर आहेत, पंखांवर वरून मागे गेलेले. तसेच इथे घेतले तर चालतील का?

जुना_डिंक

सगळेच खरे आहेत हो. तारखा वेगळ्या आहेत. मी प्लास्टिकची मॉडेलं चिकटवणारा माणूस, सिम्युलेटर नंतर आला, पण दोन्हीकडे लोक एकच गोष्ट टाळतात: आधी तारीख ठरवणं. युद्धातलं विमान आठवड्याला बदलतं. तारीख न ठरवता रंगवलंत तर जे विमान कधी कुठे उभंच नव्हतं ते तयार होतं. मग ते कितीही देखणं असो.

बेलपुरतं बोलायचं तर कॅप्टन रॉबर्ट मॉर्गन यांच्या क्रूची २५ वी मोहीम १७ मे १९४३ ला झाली, लक्ष्य फ्रान्समधलं लोरियाँ. विमानाची स्वतःची २५ वी मात्र दोन दिवसांनी, १९ मे ला, कीलवर, आणि तीही दुसऱ्याच क्रूबरोबर. २६ मे ला राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ बॅसिंगबोर्नला विमान पाहायला आले. जूनमध्ये बेल अमेरिकेला परतली आणि युद्धरोख्यांच्या प्रचारासाठी गावोगाव फिरली. तुम्हाला दिसलेली नावं त्या दौऱ्यातली. गर्दीतल्या लोकांनी पत्र्यावर कोरलेली. ती इंग्लंडमधल्या बेलवर घातलीत तर गणितच चुकलं.

पोशाखाचं उत्तर सोपं आहे: डावीकडे निळा, उजवीकडे लाल. चित्रकार जॉर्ज पेटी यांच्या चित्रावरून कॉर्पोरल टोनी स्टार्सर यांनी दोन्ही बाजूंना रंगवलं. तुमच्याकडे दोन टेक्स्चर आहेत हे नशीब समजा. ज्या मॉडेलात एकच बाजू आरशासारखी उलटवलेली असते तिथे ही बेल होतच नाही.

अमेरिकी विमानांवरच्या चिन्हाकडेही बघा. निळ्या चकतीत पांढरा तारा, एवढंच. बाजूच्या पांढऱ्या पट्ट्या जून १९४३ च्या अखेरीस आल्या, म्हणजे बेल इंग्लंडहून निघाल्यानंतर. पंखांवर तारा डाव्या पंखाच्या वर आणि उजव्या पंखाच्या खाली, चारही ठिकाणी नाही. शेपटीवर पिवळ्यात १२४४८५, कारण वर्षातला पहिला ४ गाळत असत. आणि शेपटीवर त्रिकोणातला ए नको. ती खूण नंतरची.

आता धूर. लँकॅस्टरच्या मर्लिन इंजिनाची धुराडी इंजिनाच्या दोन्ही अंगांना उघडतात, म्हणून काजळी पंखावरून मागे जाते. बी-१७ चे टर्बो-सुपरचार्जर (इंजिनाच्या धुरावर चालणारी, इंजिनात जादा हवा कोंबणारी यंत्रं) नॅसेलच्या, म्हणजे इंजिनाच्या आवरणाच्या, पोटाखाली. धूर तिथून निघतो, म्हणून काजळी नॅसेलच्या आणि पंखाच्या खालच्या बाजूला. वरून तेलाचे ओघळ काढा हवे तेवढे, काजळी नको. लँकॅस्टरचे डाग कितीही सुंदर असले तरी ते लँकॅस्टरचेच.

पिक्सेलपुराण

काकांनी इतिहास सांगितला, मी फाइलींचं बोलतो. विमान साधारण २२.८ मीटर लांब. ते ४०९६ पिक्सेलांत बसवलंत तर एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ साडेपाच मिलिमीटर. रिव्हेटचं डोकं जेमतेम एक-दोन पिक्सेल. तेव्हा रंगाच्या लेयरवर रिव्हेट काढत बसू नका, नॉर्मल मॅपवर (पृष्ठभागाचे उंचसखल दाखवणाऱ्या फाइलवर) सोडा. नोझ आर्टला (नाकावरच्या चित्राला) मॉडेलमध्ये वेगळं डिकल (वरून चिकटवायचं) टेक्स्चर असेल तर तिथेच चढवा, नाहीतर मुलीचा चेहरा ठिपक्यांचा होईल.

एमएसएफएसमध्ये (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये) पृष्ठभागाचे गुण सांगणाऱ्या कॉम्प टेक्स्चरचा लाल चॅनेल ऑक्लूजन (खाचांतली सावली), हिरवा रफनेस (खरखरीतपणा), निळा मेटॅलिक (धातूची चमक). ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे विमानाचा तो हिरवा, मॅट रंग आहे, म्हणजे रफनेस भरपूर, मेटॅलिक शून्य. रंग उडून अॅल्युमिनियम उघडं पडलंय फक्त तिथे मेटॅलिक पूर्ण. बरेच जण ओरखडे नुसत्या राखाडी रंगात काढतात आणि उन्हात ते चमकत नाहीत म्हणून वैतागतात. फाइल वाढवली किंवा तिचा आकार बदलला की लेआउट जेसन (पॅकेजमधल्या फाइलींची यादी) पुन्हा तयार करा.

फोटोतून आयड्रॉपरने (रंग टिपणाऱ्या साधनाने) रंग उचलू नका. त्यात ऊन, सावली, फिल्मचा कल सगळं आलेलं असतं. आणि सिम्युलेटर त्यावर पुन्हा स्वतःचं ऊन टाकतो.

जुना_डिंक

यात भर. आम्ही मॉडेलवाले लांबून पाहिल्याचा परिणाम यावा म्हणून रंग मुद्दाम फिका करतो. सिम्युलेटरमध्ये तसं करायचं नाही. विमान पूर्ण मापाचं आहे आणि हवेचा धूसरपणा तोच घालतो.

रंगासाठी १९४३ मध्ये चित्रपट दिग्दर्शक विल्यम वायलर यांच्या पथकाने केलेलं १६ मिमी रंगीत चित्रण पाहा. त्यातून नेमकी छटा नको, फरक घ्या: कुठलं पॅनेल शेजारच्यापेक्षा विटलंय, कुठे नवा रंग मारलाय. युद्धानंतर मेम्फिस शहरात उघड्यावर उभी होती तेव्हाचे फोटो मात्र रंगासाठी बाद. तोवर वरून नवे थर चढले होते. अमेरिकेतल्या डेटनच्या संग्रहालयात १७ मे २०१८ पासून आहे ती जीर्णोद्धार केलेली बेल. अक्षरांची जागा आणि मापं तिच्यावरून घ्या.

मागचा_गनर

लिव्हरीच्या माहितीत '२५ मोहिमा पूर्ण करणारं पहिलं बॉम्बर' असं ठसठशीत लिही रे. डाउनलोड वाढतात. आणि नाकावरची आठ नाझी स्वस्तिकं (पाडल्याचा दावा केलेल्या जर्मन विमानांच्या खुणा) विसरू नकोस.

जुना_डिंक

असं लिहू नका. ३०३ व्या ग्रुपच्या 'हेल्स एंजल्स' या बी-१७ ने १३ मे लाच २५ पूर्ण केल्या होत्या. 'हॉट स्टफ' नावाच्या बी-२४ बॉम्बरने तर त्याआधीच, पण अमेरिकेला परतताना ३ मे १९४३ ला ते आइसलंडमध्ये कोसळलं. जनरल फ्रँक अँड्र्यूज त्यातच गेले. बेलबद्दल '२५ मोहिमा करून अमेरिकेत परतलेल्या पहिल्या जड बॉम्बरांपैकी एक' एवढं लिहा, कोणी बोट ठेवणार नाही.

पिक्सेलपुराण

आणि स्वस्तिकांचा लेयर वेगळा ठेव. जर्मनीत त्यावर कायद्याची बंधनं आहेत, काही साइट अशी फाइल काढून टाकतात. स्वस्तिकं असलेली आणि नसलेली, अशा दोन आवृत्त्या दे.

ढगात_पाय

धन्यवाद डिंककाका, पिक्सेलभाऊ. मग २६ मे ठरवतो. राजा-राणीच्या भेटीचे फोटो आहेत, बॉम्ब त्यांतूनच मोजेन. पट्ट्या नाहीत, नावं नाहीत, काजळी पोटाखाली. एक राहिलं: रडर आणि एलेव्हेटर (शेपटीचे हलते भाग) बाकीच्या विमानाच्याच रंगात ठेवू का?

जुना_डिंक

नको. रडर, एलेव्हेटर, एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) तिन्ही कापडाचे. कापडावरचा रंग पत्र्यावरच्या रंगासारखा विटत नाही. वेगळा लेयर, किंचित वेगळी छटा, आणि तिथे ओरखड्यांतून अॅल्युमिनियम चमकवू नका. कापडाखाली चमकायला काही नाही.