रोजच्या खरेदीत काय बदललं तर जंगलाला खरंच उपयोग होईल?

मृण्मयी_ठाणे: नमस्कार मंडळी, लेक सातवीत आहे, पाम तेलासाठी ओरांगउटानची जंगलं तोडतात हे कळल्यापासून मागेच लागलीये की आई आपण काय बदलायचं. आमच्याकडे घाण्याचं शेंगदाणा तेल येतं, पाम तेल आणतच नाही, मग अजून काय बघू? रोज जमेल असंच सांगा प्लीज.

रानवाट: डब्यात नसेल पण बिस्किटं, खारी, फरसाण, नूडल्समध्ये असतं बघा. पाकिटामागे बारीक अक्षरात पामोलीन लिहिलेलं असतं, साबणावर सोडियम पामेट. जगात सगळ्यात जास्त पाम तेल आयात करतो आपण, त्यातलं बहुतेक इंडोनेशिया-मलेशियाचं, आणि सुमात्रा-बोर्निओत त्यासाठी जंगलं साफ झालीत, म्हणून आपण काय घेतो याने फरक पडतो.

कोकणी_गडी: सरसकट पाम बंद हे मला पटत नाही. हेक्टरी सोयाबीनच्या कितीतरी पट तेल निघतं पामचं, सगळेच दुसऱ्या तेलावर गेले तर जमीन जास्त लागणार आणि मग दुसरीकडचं जंगल जाणार. आम्ही पाकिटातलं खाणंच कमी केलंय, चिवडा शंकरपाळे घरी करतो. अगदीच घ्यायचं तर आरएसपीओचा, म्हणजे निसर्गाला जपून बनवलेल्या पाम तेलाला मिळणारा शिक्का बघतो, टीका होते त्यावर पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

रंगपेटी: लेक चित्रकलेला जात असेल तर ब्रश बघून घ्या!! मुंगसाच्या केसांचे ब्रश अजूनही मिळतात, त्यासाठी मुंगसं मारतात, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. एकाच केसावर गडद-फिकट-गडद पट्टे दिसले की घेऊ नका. सिंथेटिक ब्रशचा रंग एकसारखा असतो, मी क्लासमध्ये मुलांना तेच आणायला सांगते, वॉटर कलरला छान चालतात.

रानवाट: बरं आठवलं, पूजेच्या दुकानातली हाथाजोडी पण. झाडाचं मूळ म्हणून विकतात, असतं घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय. इंद्रजाल म्हणतात ती वनस्पती नाहीच, प्रवाळाच्या कुळातला समुद्री प्राणी आहे. दोन्हींची विक्री बेकायदा, कुठे दिसलं तर वनविभागाला १९२६ वर कळवा.

मृण्मयी_ठाणे: अगं बाई, शेजारच्या काकूंच्या दारावर इंद्रजालाची फ्रेम आहे! त्यांना कसं सांगू, दुखावतील ना?

रंगपेटी: श्रद्धेचा विषय काढूच नका. हा प्राणी आहे आणि घरात ठेवणंही कायद्यात बसत नाही एवढं शांतपणे सांगा, त्यांना विकणाऱ्याने वनस्पतीच सांगितली असणार.