तारीख कोणी द्यायची? सोलरच्या छोट्या धंद्यात साईटची जबाबदारी मॅडमकडे देताना

सोलरवाला, तासगाव

नमस्कार मंडळी. घरांवर आणि छोट्या कारखान्यांवर सोलर बसवायचा आमचा धंदा आहे. सुरुवातीला मी, एक वायरमन आणि एक हेल्पर, एवढेच होतो. 2024 च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान, आणि तिथून फोन थांबेनात. आज आम्ही 13 जण आहोत आणि कुठल्याही दिवशी वीसेक साईट कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर असतात.

छपरावर पॅनेल चढवले की झालं, असं बघणाऱ्याला वाटतं. पण सर्व्हे, पोर्टलवरचा अर्ज, स्ट्रक्चर, अनुदानासाठी देशी सेलचेच पॅनेल, इन्व्हर्टर, तीन अर्थिंग, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं), तपासणी, शेवटी अनुदान, अशी ती साखळी आहे. एक कडी अडली की सगळं अडतं. मागे एका घरी स्ट्रक्चर उभं राहिल्यावर कळलं की वीजबिल आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा जाऊन 11 वर्षं झालीत. आता नाव बदलून घ्या, मग पुढचं.

ऑफिसात एक मॅडम सहा वर्षं आहेत. स्टोअर, खरेदी, माल पाठवणं सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या रजिस्टरमधली एमसी फोर कनेक्टरची, म्हणजे पॅनेलच्या वायरी जोडायच्या छोट्या प्लगची संख्या मी कधीच चुकलेली पाहिली नाही. गुढीपाडव्याला मी सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून साईट मॅडम बघणार. मनापासून सांगितलं होतं.

सप्टेंबरात एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांचा मला फोन आला. 60 किलोवॅटचं काम. पहिल्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर आयकरात घसाऱ्याची वजावट त्या वर्षी निम्मीच मिळते, म्हणून त्यांना महिनाअखेरच्या आत चालू हवं होतं. मी गाडीत होतो. "होऊन जाईल" म्हणालो आणि दोन्ही टीम तिकडे वळवल्या. मॅडमनी त्या आठवड्यात चार घरांना तारखा दिलेल्या होत्या. घरमालकांनी सुट्ट्या काढल्या होत्या, एकांनी तर गच्चीवरची पाण्याची टाकी खर्च करून हलवून घेतली होती. चौघांचे फोन मॅडमना गेले. संध्याकाळी त्यांनी रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. "अण्णा, उद्यापासून तुम्हीच बघा."

त्या येतात, काम करतात, पण विचारल्याशिवाय बोलत नाहीत. जबाबदारी द्यायची म्हणजे नक्की काय काय द्यायचं? आणि ग्राहकाला माझ्याशीच बोलायचं असतं, त्याचं काय करू? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

फॅब्रिकेशन, भोसरी

दादा, पहिला प्रश्न पैशाचा. मॅडमना तुम्हाला न विचारता किती खर्च करता येतो? माझ्या सुपरवायझरला मी आधी शून्य दिलं होतं. नट-बोल्टचा डबा आणायलाही मला फोन. मग मी 15,000 ची मर्यादा घातली, त्याच्या आत विचारायचं नाही, बिल फाईलला लावायचं. पहिल्याच महिन्यात त्यानं 10 एमएमच्या जागी 8 एमएमची प्लेट आणली. मी पोरांसमोर अवाक्षर काढलं नाही. दुपारी केबिनमध्ये दोघांनी ड्रॉइंग उघडून पाहिलं, तर ड्रॉइंगवरच जुना आकडा होता आणि तो बदलायचा माझ्याकडूनच राहिला होता.

आमच्याकडे सोमवारी सकाळी 9 ला सगळे उभ्या-उभ्या बोलतात, 20 मिनिटं. बोलतो सुपरवायझर. मी मागे उभा असतो. सुरुवातीला पोरं उत्तर देताना माझ्याकडे बघायची, तेव्हा मी मुद्दाम खाली बघायचो. दोन महिन्यांत सवय मोडली.

पुठ्ठ्याचे बॉक्स, सातपूर

मी तुमच्या मॅडमच्या जागी आहे म्हणून लिहिते. नऊ वर्षं झाली, ऑर्डर येण्यापासून गाडी भरेपर्यंत सगळं मी बघते.

तुम्ही त्यांना काम दिलंत, तारीख मात्र तुमच्याकडेच राहिली. साईट बघणारी बाई म्हणजे तारीख देणारी बाई. तिनं दिलेली तारीख मालकांनी एका फोनवर मोडली, तर त्या दिवसापासून वायरमनसुद्धा तिचं ऐकताना मनात म्हणतो, अण्णांचा फोन आला की बघू. तुमच्या लक्षातही येणार नाही, पण तिला ते रोज दिसतं.

आमचे साहेबही आधी असेच होते. त्यांनी एक गोष्ट बदलली. ग्राहकाचा फोन आला की ते "ताई बघून सांगतील" म्हणत नाहीत, कारण त्यावर ग्राहक म्हणतो, तुम्हीच सांगा ना साहेब. ते उठून माझ्या टेबलाशी येतात, स्पीकर लावतात आणि म्हणतात, ताई, शुक्रवारी जमेल का? मी वेळापत्रक बघून बोलते. मी मंगळवार म्हटलं की ते ग्राहकाला मंगळवारच सांगतात. मला आत बोलावून "जरा बघा ना" असं त्यांनी एकदाही केलेलं नाही. आता बरेच ग्राहक थेट मलाच फोन करतात.

तातडीचं काम येणारच, कोल्ड स्टोरेजवाल्यांची गरजही खरीच होती. पण तेव्हा विचारायचं, हे मध्ये घेतलं तर कोणाचं मागे जाईल, आणि त्यांना फोन कोण करेल? मला वाटतं तुमच्या मॅडमनी चारातली दोन घरं तरी सांभाळली असती.

आणि एक विचारते, राग मानू नका. पाडव्याला जबाबदारी वाढवलीत, पगार वाढवलात का?

सोलर, जळगाव

याच धंद्यात आहे. ताईंचं पटलं, पण सगळंच सोडू नका. उंचीवर चढताना सुरक्षा बेल्ट लावलाय का हे बघणं आणि चालू करायच्या आधीची वायरिंगची शेवटची तपासणी मी कुणाकडे दिलेली नाही. तिथं चूक झाली तर माणूस जातो. मात्र तपासणीची वेळ ऑफिस ठरवतं आणि मी त्या वेळेला हजर राहतो.

आजोबांच्या बिलाचं म्हणाल तर आमच्याकडे बिल, आधार आणि बँक पासबुक, तिन्हींवरची नावं जुळल्याशिवाय ऑफिस सर्व्हेची तारीखच देत नाही. हा नियम माझा नाही, ऑफिसातल्या मुलीनं घातला. मी ओळखीच्या माणसासाठी एकदा तो मोडायला गेलो, तिनं मला अडवलं, आणि त्या पासबुकावर आडनाव खरंच वेगळं निघालं.

सोलरवाला, तासगाव

ताई, पगार वाढवला नव्हता. तुमचं वाचून रात्री बराच वेळ जागा होतो.

काल मॅडमशी बोललो. पगाराचा विषय मीच काढला, या महिन्यापासून वाढवलाय. पण त्यांचं दुखणं वेगळं होतं. "अण्णा, त्या चार घरांना सॉरी मी म्हणाले. तुम्ही एकालाही फोन केला नाहीत." खरं होतं. आज सकाळी मी चारही घरी स्वतः जाऊन आलो. टाकी हलवलेल्या काकांनी आधी चांगलंच सुनावलं, मग चहा दिला. टाकीचा खर्च बिलातून वजा करायचा, हे मॅडमनी ठरवलं आणि मी तसं काकांना सांगितलं.

20,000 पर्यंतची खरेदी आता त्यांच्या सहीनं होईल. शेवटची तपासणी माझ्याकडे, वेळ त्या देतील. नावं जुळवायचा नियम त्यांनी लगेच वहीत लिहून घेतला, जळगावच्या दादांचे आभार.

दुपारी कोल्ड स्टोरेजवाल्यांचा फोन आला, त्यांच्या भावाच्या शेडवर 20 किलोवॅट करायचंय, 5 तारखेला सुरू करा म्हणाले. मी उठून मॅडमच्या टेबलाशी गेलो, स्पीकर लावला. त्यांनी रजिस्टरची दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, 12 तारीख. पलीकडून आवाज आला, "अण्णा, जरा बघा की." मी म्हणालो, 12 तारीख.