कोर्टाचा कारभार न्यायाधीशांच्याच गळ्यात का?

तालुक्याचा वकील:
गेल्या आठवड्यात वाटपाच्या दाव्यात उलटतपास होता. सत्तरीतला साक्षीदार पुण्याहून एसटीने आला. स्टेनो रजेवर, दुसरा शेजारच्या कोर्टात अडकलेला. तारीख पडली. जिना उतरताना म्हातारा एवढंच म्हणाला, "वकीलसाहेब, पुढच्या खेपेला जमेल असं वाटत नाही."

देशात पाच कोटींवर प्रकरणं तुंबली आहेत, त्यातली बहुतेक जिल्हा आणि तालुका कोर्टांत. न्यायाधीश कमी आहेत हे खरंच. पण त्या दिवशी साहेब खुर्चीत होते. स्टेनो नाही, हे साक्षीदाराला आदल्या दिवशी कळवणारं कोणी नव्हतं.

पैशाचंही तेच. २०१९-२० मध्ये कोर्टांच्या इमारती आणि सोयींसाठी केंद्राच्या योजनेतून राज्यांना ९८१.९८ कोटी रुपये मंजूर झाले. खर्च झाले ८४.९ कोटी, तेही पाच राज्यांत मिळून. राज्याने आपला वाटा घालायचा, जागा महसूलकडून मिळवायची, बांधकाम पीडब्ल्यूडीचं, मंजुरी उच्च न्यायालयाची. आणि या सगळ्याचा पाठपुरावा कोणी करायचा, तर दिवसभर सेशन्सचे, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे, खटले चालवणाऱ्या जिल्हा न्यायाधीशांनी! त्यांची बदली झाली की फाइल पुन्हा पहिल्यापासून. २०२१ मध्ये सरन्यायाधीश रमणा औरंगाबादला आले होते. देशातल्या २६ टक्के न्यायसंकुलांत महिलांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही, हे त्यांनी तिथे सांगितलं आणि न्यायालयांच्या सोयींसाठी राष्ट्रीय प्राधिकरण मागितलं. २०२२ च्या मुख्यमंत्री-मुख्य न्यायाधीश परिषदेत ते मान्य झालं नाही. ते पुन्हा पुढे आणायला हवं, आणि कारभार पूर्णवेळ माणसांकडे द्यायला हवा.

जुना शिरस्तेदार:
वकीलसाहेब, ३१ वर्षं कोर्टात काढली, म्हणून विरोध करतो. तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ साठी न्यायदानाला ५,००० कोटी ठेवले होते. त्यातूनच एमबीए झालेले कोर्ट मॅनेजर आले. आमच्याकडचा मुलगा हुशार होता. पण कंत्राटी, सहीचा अधिकार नाही. पाहुणे आले की हारतुरे आणि खुर्च्या बघायचा. शेवटी कंटाळून गेला. तुम्ही म्हणता ते प्राधिकरण दिल्लीत बसणार. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये पावसाळ्यात लाल रुमालातले गठ्ठे दर आठवड्याला एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे हलवावे लागायचे, ते दिल्लीला कसं दिसणार? आधी बेलिफ आणि लिपिकांची रिकामी पदं भरा. समन्स बजावायला माणूस नसेल तर वर कितीही मॅनेजर बसवा, दावा हलत नाही.

तालुक्याचा वकील:
त्या मुलाला सहीचा अधिकार नव्हता, हेच तर माझं म्हणणं आहे. प्राधिकरण राज्याच्या पातळीवर असलं तरी माझी हरकत नाही.

कायद्याची विद्यार्थिनी:
सर, मला यात धोका दिसतो. घटनेच्या कलम २३५ ने खालच्या कोर्टांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाला दिलंय, ते सरकारचा हात लांब राहावा म्हणून. प्राधिकरणात सरकारचे सचिव बसणार, आणि सरकार तर स्वतःच सगळ्यात मोठा पक्षकार. ज्याच्याविरुद्ध दावा त्याच्याच हाती तिजोरीची किल्ली?

आणि न्यायाधीशांचा प्रश्न तुम्ही एका वाक्यात उरकलात. दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितलं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली. आज मंजूर पदं धरली तरी आकडा २१ च्या आसपास आहे. २०१६ मध्ये सरन्यायाधीश ठाकूर पंतप्रधानांसमोर बोलताना रडले, ते याच ओझ्यापायी. ते ओझं कुठला मॅनेजर उचलणार?

कोल्हापूरकर:
वडिलांच्या अपिलासाठी वर्षानुवर्षं महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर बसून मुंबई गाठली. कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची मागणी चाळीस वर्षांहून जुनी. पण ठरवलं तेव्हा? १ ऑगस्ट २०२५ ला अधिसूचना निघाली आणि १८ ला सर्किट बेंच, म्हणजे उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ, सुरूसुद्धा झालं, तेही जुन्याच इमारतीत. वरच्यांनी मनावर घेतलं की सगळं जमतं.

आणि वकीलसाहेब, रागावू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तारखा द्यायच्या नाहीत असं लिहिलंय. आमच्या दाव्यात समोरच्या वकिलांनी किती घेतल्या, ते मोजायचं मी सोडून दिलं.

तालुक्याचा वकील:
रागावत नाही. मीही तारखा मागितल्यात, तो दोष आमचाच. पण मनावर घेणारा माणूस निवृत्त झाला की पुढे काय? म्हणून तर मी पदं आणि अधिकार मागतोय. ताईंचा तिजोरीचा मुद्दा मात्र मला पटला. ते पूर्णवेळ प्रशासन उच्च न्यायालयाच्याच हाताखाली असावं, सरकारने फक्त निधी द्यावा.

कोर्टांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्स योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी मंजूर आहेत. मोबाइलवर एसएमएस येतो, पण तारीख पडल्यावर. शिरस्तेदारसाहेब, तुमच्या वेळी कोर्ट बसणार नसेल तर साक्षीदाराला कोण सांगायचं?

जुना शिरस्तेदार:
पट्टेवाला. सायकलवर जाऊन, गावातल्या गावात. बाहेरगावच्याला कोणीच नाही. तो येऊन बाकावर बसायचा आणि पुकारा झाल्यावरच त्याला कळायचं.